खडकांतील रासायनिक ठसे आणि सागरी जीवांचा महाविलोप : धार-देवासच्या भूमीच्या संदर्भात

धार आणि देवास ही नावे मराठी वाचकाला प्रामुख्याने पवारांच्या संस्थानांमुळे परिचित आहेत. संगीताच्या जाणकारांना देवास म्हटले की कुमार गंधर्व आठवतात, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला धार म्हटले की जवळचे मांडू आठवते. भूविज्ञानाच्या अभ्यासकांना मात्र हा प्रदेश अगदी वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवरील सुमारे तीन चतुर्थांश जीवजाती नष्ट झाल्या. डायनोसॉर गेले, ही गोष्ट शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु समुद्रातील हानी तितकीच मोठी होती. अमोनाइट हे सर्पिल कवचाचे प्राणी कायमचे संपले, समुद्राच्या पृष्ठभागाजवळ तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म एकपेशीय जीवांच्या बहुतेक जाती नाहीशा झाल्या. या महाविलोपाच्या संदर्भात ज्या दोन घटकांवर संशय घेतला जातो, त्यांपैकी एक माळव्याच्या पठारावर आजही पसरलेला आहे. तो म्हणजे काळा बेसाल्ट खडक.

घटनेचा संशयित येथे आहे, पण पुरावा हजारो किलोमीटर दूर, एकेकाळच्या समुद्रतळावरील चिखलात आहे. या दोहोंचा संबंध जोडण्याचे काम खडकांतील अत्यल्प रासायनिक अंशांवरून कसे केले जाते आणि त्या पुराव्याच्या मर्यादा कोणत्या, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

ठसा म्हणजे काय?

धार जिल्ह्यातील बाघ हे गाव लेण्यांसाठी जितके प्रसिद्ध आहे तितकेच खत्री कुटुंबांच्या ठसेछपाईसाठीही. या मुस्लिम कारागीर कुटुंबांची कला सर्वत्र 'बाघ प्रिंट' या नावाने ओळखली जाते. लाकडी ठशाने कापडावर एका ठिकाणी तुरटीची आणि दुसऱ्या ठिकाणी लोहक्षाराची खळ उमटवितात. तुरटीची नक्षी त्या वेळी फारशी दिसत नाही. मग सर्व कापड एकाच रंगाच्या भट्टीत उकळतात, तेव्हा तुरटी लागलेला भाग लाल होतो आणि लोह लागलेला भाग काळा. रंगद्रव्य एकच, फरक पडतो तो धाग्यात शिरलेल्या किंचित धातूमुळे. कापड धुतले, वाळविले तरी हा धातू धाग्यात टिकून राहतो.

समुद्रतळाच्या गाळाचेही असेच आहे. गाळ साचत असताना त्या काळच्या पाण्यातील आणि हवेतील काही मूलद्रव्ये त्यात अडकतात. गाळाचा खडक होतो, खडक उचलला जाऊन डोंगर बनतो. पण त्या मूलद्रव्यांचे प्रमाण बहुतांशी तसेच राहते. डोळ्यांना ते दिसत नाही. प्रयोगशाळा ही त्याची रंगाची भट्टी.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण इटलीतील गुब्बिओ गावाजवळचे आहे. तेथे चुनखडकाच्या दोन थरांमध्ये चिकणमातीचा एक पातळ थर आहे. त्याच्या खालच्या चुनखडकात क्रिटेशस काळातील मोठे फोरॅमिनिफेरा विपुल आहेत. वरच्या खडकात जवळजवळ नाहीत. वॉल्टर अल्वारेझ या भूवैज्ञानिकाला एवढेच जाणून घ्यावयाचे होते की हा थर साचायला किती वर्षे लागली. त्याचे वडील लुइस अल्वारेझ हे नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ. अवकाशातून पृथ्वीवर उल्काधूळ सतत व संथपणे पडत असते आणि तीत इरिडियम असते, हे लक्षात घेऊन त्यांनी इरिडियमचा उपयोग घड्याळासारखा करण्याचे सुचविले. फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी मोजमाप केले. अपेक्षा होती किंचित वाढीची. प्रत्यक्षात इरिडियम सुमारे तीसपट भरले. प्रमाण होते अब्ज भागांत साधारण ९, म्हणजे एक टन चिकणमातीत अवघे ९ मिलिग्रॅम. डेन्मार्कमधील याच काळाच्या थरात ही वाढ सुमारे १६० पट निघाली. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधाने मोठ्या लघुग्रहाच्या आघाताची कल्पना मांडली आणि १९९१ साली मेक्सिकोतील चिकशुलूब येथील सुमारे १८० किलोमीटर व्यासाच्या विवराशी तिचा मेळ बसला. घड्याळ म्हणून नेलेली वस्तू साक्षीदार ठरली, असे या प्रकरणाबद्दल म्हणता येईल.

भारतातही हा इरिडियमचा ठसा सापडला आहे. मेघालयातील उम सोहरिंगक्यू नदीच्या काठच्या सागरी थरांत तो आहे. कच्छमधील अंजार येथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या तळ्याच्या गाळातही १९९६ साली अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील नरेंद्र भंडारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी इरिडियमची वाढ नोंदविली. अंजारच्या नोंदीचा अर्थ काय लावावा याविषयी मतभेद झाले. मात्र दक्षिणेतील लाव्हामध्ये इरिडियम मुळातच फार कमी असते, त्यामुळे गुब्बिओचे इरिडियम ज्वालामुखीतून आले असे म्हणणे कठीण जाते.

मांडूच्या कड्यावरून

धार जिल्ह्याची भूरचना समजून घेण्यासाठी मांडूइतके सोयीचे ठिकाण नाही. रूपमती मंडपातून दक्षिणेकडे पाहिले असता पठार एकदम तुटते आणि खाली निमाडचे मैदान नर्मदेपर्यंत पसरते. पायाखाली असतो तो बेसाल्ट. लाव्हाचे थर एकावर एक पायऱ्यांसारखे रचलेले दिसतात. पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच या खडकाला 'ट्रॅप' असे नाव पडले. देवास शहरालगतची चामुंडेची टेकडी याच खडकाची आहे आणि माळव्याची काळी कसदार जमीनही याच खडकाच्या झिजेतून तयार झाली आहे. दक्षिण ट्रॅप म्हणून ओळखला जाणारा हा खडक आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर आहे. पश्चिम घाटात त्याची एकूण जाडी दोन किलोमीटरांहून अधिक भरते.

बाघ, कुक्षी, मनावर या बाजूला गेल्यास नद्यांनी लाव्हाचे आवरण कापून काढल्यामुळे खालचे जुने थर उघडे पडलेले आढळतात. सर्वांत खाली निमाड वालुकाश्म. बाघची लेणी याच मऊ खडकात कोरलेली असल्यामुळे त्यांची झीजही अधिक झाली आहे. त्यावर गाठींचा चुनखडक, त्यावर ज्याला 'प्रवाळी चुनखडक' म्हणतात तो थर. हे नाव मात्र फसवे आहे, कारण त्यात प्रवाळ नसून मुख्यतः ब्रायोझोआ या वसाहतींनी राहणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांचे सांगाडे आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील प्रमथनाथ बोस यांनी १८८४ साली नेमावर ते कवांट या नर्मदाखोऱ्याच्या पट्ट्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील नेमावर आजच्या देवास जिल्ह्यात येते. म्हणजे या अभ्यासाची एक सीमारेषा देवासमधून सुरू होऊन धारमधून पुढे जाते. (हेच बोस पुढे मयूरभंजच्या लोहखनिजाच्या शोधासाठी आणि त्यासंबंधी जमशेटजी टाटांना लिहिलेल्या पत्रासाठी अधिक लक्षात राहिले.)

या चुनखडकांत अमोनाइट, समुद्री साळिंदर, शिंपले आणि शार्कचे दात मिळतात. यावरून पश्चिमेकडून नर्मदेच्या खोऱ्यात शिरलेला एक उथळ समुद्र येथे होता, हे निर्विवाद आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. बाघ परिसरात सागरी जीवाश्म आहेत, डायनोसॉरची अंडी आहेत आणि वर लाव्हा आहे, या तीन गोष्टी एकत्र पाहून अनेक जण असे समजतात की लाव्हा आला, समुद्र आटला आणि सर्व जीव एकदम मेले. वर्गातही असे सांगितले जाण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती अशी आहे की बाघचा समुद्र साधारण ९ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. तो मागे हटल्यानंतर सुमारे दोन कोटी वर्षांनी महाविलोप झाला. अंडी ज्या थरात मिळतात तो लामेटा थर सागरी नाही. नदी व तळ्यांच्या परिसरातील आहे, आणि तो बाघच्या चुनखडकाच्या वर व लाव्हाच्या खाली येतो. या परिसरातील टिटॅनोसॉर कुळातील डायनोसॉरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी यांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत दिल्ली विद्यापीठातील हर्षा धीमान व गुंटुपल्ली प्रसाद यांच्यासोबत धार जिल्ह्यातील शाळाशिक्षक विशाल वर्मा यांचे नाव आहे, ही शिक्षकवर्गाने अवश्य नोंद घ्यावी अशी बाब आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस पाडल्या गावचे शेतकरी ज्या गोल दगडांना शेताचा राखणदार 'काकड भैरव' म्हणून पूजत होते, ते दगड अश्मीभूत अंडी असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले.

बाघचा समुद्र ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या विनाशाचा साक्षीदार नाही. परंतु तो दुसऱ्या एका संकटाच्या काळाजवळचा आहे. सुमारे ९ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी जगातील समुद्राची पातळी फार वाढली होती आणि अनेक महासागरांच्या खोल भागांतील प्राणवायू संपला होता. त्या वेळचा काळा, सेंद्रिय कर्बाने भरलेला थर इटलीत गुब्बिओच्याच डोंगरांत आढळतो व त्याला 'बोनारेल्ली थर' म्हणतात. प्राणवायू नसलेल्या गाळात मॉलिब्डेनम आणि युरेनियम जास्त साचतात. म्हणून ही दोन मूलद्रव्ये वाढलेली दिसली की पाणी गुदमरले होते असे अनुमान काढता येते. बाघचा समुद्र उथळ आणि लाटांनी ढवळला जाणारा होता, त्यामुळे येथे तशा काळ्या थराची अपेक्षा धरणे योग्य नव्हे. समुद्र जमिनीवर इतका आत आला होता, हीच त्या काळाची येथील मोठी खूण.

समुद्राचे तापमान, आम्लता आणि अन्न

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लाव्हा आणि लघुग्रह यांपैकी समुद्रावर कोणाचा परिणाम केव्हा झाला? त्यासाठी फोरॅमिनिफेरांची कवचे विशेष उपयोगी पडतात. ती कॅल्शियम कार्बोनेटची असतात आणि ज्या पाण्यात घडली त्या पाण्याची लक्षणे आपल्यात साठवून ठेवतात.

ऑक्सिजनचे १६ आणि १८ वस्तुमानांकाचे दोन समस्थानिक येथे महत्त्वाचे आहेत. पाणी थंड असेल तर कवचात जड ऑक्सिजन थोडा जास्त शिरतो. हजार भागांत एक भागाचा फरक म्हणजे साधारण ४ अंश सेल्सिअसचा फरक, असा ढोबळ हिशेब आहे. अर्थात पाण्याचा खारेपणा आणि हिमाचे प्रमाण यांचाही परिणाम धरावा लागतो. या पद्धतीने असे दिसून आले की महाविलोपाच्या आधीच्या काही लाख वर्षांत समुद्र काही अंशांनी तापला आणि नंतर पुन्हा निवळला. लाव्हाबरोबर बाहेर पडलेल्या कर्बद्विप्राणिल वायूशी या तापण्याचा संबंध जोडला जातो.

कर्बाचा ठसा वेगळी गोष्ट सांगतो. पृष्ठभागावरील सूक्ष्म वनस्पती हलका कर्ब अधिक पसंत करतात. त्या मरून खाली बुडाल्या की हलका कर्ब त्यांच्याबरोबर खोल जातो आणि वरचे पाणी तुलनेने जड राहते. म्हणून सुस्थितीतील समुद्रात वरच्या आणि तळच्या कवचांमध्ये कर्बाचा फरक दिसतो. महाविलोपाच्या सीमेवर हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. प्रारंभी याचा अर्थ समुद्र निर्जीव झाला असा लावला गेला. परंतु तळाला राहणारे फोरॅमिनिफेरा बऱ्याच प्रमाणात जगले, मग त्यांना अन्न कोठून मिळाले? त्यामुळे आता असे मानले जाते की जीवन सर्वत्र थांबले नव्हते, वरून खाली अन्न पोहोचविण्याची व्यवस्था मात्र मोडली होती. एकाच ठशाचे वाचन कसे बदलते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

बोरॉनच्या समस्थानिकांवरून पाण्याचा पीएच काढता येतो. नेदरलँड्समधील गॉयलहेमरबर्ग गुहेतील चिकणमातीत, आघातानंतर लगेचच्या काळातील कवचे सुदैवाने टिकली होती. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार समुद्रपृष्ठाचा पीएच सुमारे ०.२५ ने घसरला. आकडा लहान वाटतो, पण ही मोजपट्टी लघुगणकीय असल्याने हायड्रोजन आयनांचे प्रमाण जवळजवळ पावणेदोन पट झाले असा त्याचा अर्थ होतो. औद्योगिक युगाच्या प्रारंभापासून आजपर्यंत समुद्रपृष्ठाचा पीएच सुमारे ०.१ ने उतरला आहे, हे विद्यार्थ्यांना सांगितल्यास या आकड्याचे वजन त्यांना समजते.

पारा : लाव्हाची स्वाक्षरी

इरिडियम ही अवकाशातील दगडाची खूण असेल, तर ज्वालामुखीची खूण कोणती? अलीकडील काळात या प्रश्नाला मिळालेले उत्तर आहे पारा. फारसी-उर्दूत पाऱ्याला सीमाब, म्हणजे चांदीचे पाणी, म्हणतात. येथे मात्र त्याचे वाफरूप महत्त्वाचे आहे. ज्वालामुखीतून निघालेली पाऱ्याची वाफ हवेत कित्येक महिने राहू शकते, त्यामुळे ती जगभर पसरते आणि अखेर पावसाबरोबर समुद्रात उतरून गाळातील सेंद्रिय द्रव्याला चिकटते. माळव्यात उसळलेल्या लाव्हाचा पारा ट्युनिशियाच्या चिखलात सापडू शकतो तो यामुळे. ट्युनिशियातील एलेस आणि फ्रान्समधील बिडार येथील थरांत महाविलोपाच्या सुमारास पाऱ्याची वाढ नोंदविली गेली आहे. २०१९ च्या आणखी एका अभ्यासात अंटार्क्टिकासह अनेक ठिकाणच्या अश्मीभूत शिंपल्यांत पारा आणि तापमान दोन्ही एकत्र वाढलेले आढळले.

पाऱ्याची साक्ष घेताना उलटतपासणी मात्र कडक करावी लागते. गाळात सेंद्रिय द्रव्य जास्त असेल तर पाराही आपोआप जास्त अडकतो, मग ज्वालामुखी असो वा नसो. म्हणून नुसता पारा न मोजता सेंद्रिय कर्बाशी त्याचे गुणोत्तर काढतात. थरात कर्ब फारच कमी असेल तर हे गुणोत्तर उगाचच फुगते. जमिनीवरील वणव्यांतूनही पारा येतो. खडक हवापाण्याने कुजला असेल तर आकडा सर्वस्वी निरुपयोगी ठरतो. माळव्यासारख्या उष्ण आणि पावसाळी प्रदेशात, जेथे चुनखडक भूजलाने झिरपून निघालेले असतात, तेथे तर ही अडचण पावलोपावली येते.

वेळेचा प्रश्न

ठसे कितीही स्पष्ट असले तरी लाव्हा नेमका केव्हा वाहिला हे कळल्याशिवाय संबंध सिद्ध होत नाही. येथे पुन्हा दक्षिण ट्रॅपकडे यावे लागते. लाव्हाच्या दोन थरांमध्ये लालसर मातीचे पट्टे असतात. घाटात रस्ता कापलेल्या ठिकाणी ते प्रवाशालाही दिसतात. दोन उद्रेकांमधील शांत काळात तयार झालेल्या या मातीत काही ठिकाणी ज्वालामुखीच्या राखेतील झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक सापडतात. झिरकॉनमधील युरेनियमचे शिशात रूपांतर किती झाले यावरून वय काढता येते, तेही काही दशसहस्र वर्षांच्या अचूकतेने.

२०१९ सालच्या फेब्रुवारीत 'सायन्स' या नियतकालिकात दोन संशोधक गटांचे निबंध एकत्र प्रसिद्ध झाले. ब्लेअर शोएन यांच्या गटाने झिरकॉनवरून असे मांडले की उद्रेक चार मोठ्या टप्प्यांत झाले आणि त्यांतील एक महाविलोपाच्या काही दशसहस्र वर्षे आधीचा होता. कोर्टनी स्प्रेन यांच्या गटाने आर्गॉनच्या पद्धतीने उलट असे दाखविले की लाव्हाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग महाविलोपानंतर आला. एकाच खडकाची दोन घड्याळे आणि त्यांवरून निघालेले दोन अर्थ! शोएन यांच्या गटात अमरावती विद्यापीठातील भूवैज्ञानिक सय्यद एफ. आर. खादरी यांचा सहभाग होता. मायकल एडी यांच्या नेतृत्वाखालील ज्या गटाने २०२० साली खास माळवा पठारावरील झिरकॉन तपासले, त्यातही खादरी होते. या कामातून दक्षिण ट्रॅपचे सर्वांत आधीचे उद्रेक माळव्याकडे, म्हणजे पश्चिम घाटातील उद्रेकांच्याही अगोदर झाल्याचे पुढे आले. विलोपापूर्वीच्या तापमानवाढीचे कारण शोधताना माळव्याला त्यामुळे विशेष महत्त्व येते.

त्याच २०२० साली पिन्चेली हल आणि अनेक देशांतील संशोधकांनी तापमान व कर्बाच्या नोंदी एकत्र करून असा निष्कर्ष काढला की लाव्हाबरोबरचे वायू बहुतांशी आघाताच्या बरेच आधी बाहेर पडले होते, त्यांनी हवामान तापविले, पण सागरी जीवांचा नाश आघाताच्या क्षणाशी जुळतो. गर्टा केलर यांच्यासारख्या संशोधकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते पाऱ्याची साक्ष लाव्हाकडेच बोट दाखविते. उपलब्ध पुराव्यांचा एकत्र विचार करता आघाताची बाजू अधिक भक्कम दिसते. मात्र लाव्हा निर्दोष ठरला असे म्हणणे घाईचे होईल. कारण सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीच्या, याहून कितीतरी मोठ्या विलोपात कोणताही लघुग्रह सिद्ध झालेला नाही. तेथे सायबेरियातील लाव्हा हाच मुख्य संशयित आहे, आणि त्या विलोपाची सागरी नोंद काश्मिरात श्रीनगरजवळच्या खुनमोह येथील गुरयुल दरीत पाहावयास मिळते.

महाविद्यालयीन सहलीच्या दृष्टीने

धार-देवास परिसरात विद्यार्थ्यांना नेणाऱ्या अध्यापकांकडे प्रयोगशाळा नसली तरी दोन खडक वेगळे ओळखण्यापुरते साधन लिंबाच्या रसातही आहे. ताज्या फोडलेल्या चुनखडकावर रस टाकल्यास बारीक बुडबुडे येतात, बेसाल्टवर येत नाहीत. बाघजवळील डायनोसॉर जीवाश्म राष्ट्रीय उद्यानात किंवा आसपासच्या शेतांत काहीही उकरू नये, हे वेगळे सांगावयास नको. याला कायद्याखेरीज आणखी एक कारण आहे. पारा असो वा इरिडियम, आकड्याला अर्थ येतो तो नमुना कोणत्या थरातून, थराच्या तळापासून किती सेंटिमीटर उंचीवरून घेतला या नोंदीमुळे. गुब्बिओची चिकणमाती जेमतेम बोटभर जाडीची आहे. तिच्या खालचा किंवा वरचा तुकडा तपासला असता तर अल्वारेझ यांना नेहमीचेच इरिडियम मिळाले असते. घरी आणून कपाटात ठेवलेला अमोनाइट दिसायला कितीही सुंदर असला तरी तो कोणत्या थरातला हे ठाऊक नसेल, तर त्याच्यावरून समुद्राच्या वयाविषयी काहीच ठरविता येत नाही.